सातव्या गावाची पेटी

लीड्सच्या त्या घरात मी बिनविरोध निवडून आलो. हा शब्द माझा नाही, घरमालकांचा.

लंडनजवळच्या ब्रॅकनेलमधल्या आमच्या ऑफिसनं मला लीड्समधल्या एका क्लायंटकडे पाठवलं होतं. चौदा महिने, सोमवारी पहाटेच्या ट्रेननं जायचं, शुक्रवारी संध्याकाळी परत. म्हणजे आठवड्याला चार रात्री. एवढ्या रात्री हॉटेलात काढायची माझी तयारी नव्हती, म्हणून तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खोलीची चौकशी केली. एकच उत्तर आलं: ‘एक खोली आहे. इच्छुकांनी रविवारी अकरा वाजता समक्ष यावे. खाण्यापिण्याची अट नाही. वेळेची आहे.’

अकराला दोन मिनिटं असताना मी बेल वाजवली. दार अकराला उघडलं.

समोर एकोणऐंशी वर्षांचे, काटकुळे, घरातही टाय लावलेले डॉक्टर उभे होते. त्यांनी मला बसवलं, चहा दिला आणि इच्छुक दोघं आहेत असं सांगितलं. दुसरी एक ज्युनिअर डॉक्टर मुलगी होती. तिला हॉस्पिटलनंच जागा दिल्यामुळे ती येणार नव्हती, आणि तसं तिनं आदल्या दिवशी कळवलंही होतं. मग प्रश्न मिटला, असं मी म्हणालो. डॉक्टरांच्या मते मिटला नव्हता. अर्ज मागे घ्यायची मुदत दुपारी बारापर्यंत होती. तेवढ्यात तिचं मन बदललं तर मतदान घ्यावं लागेल.

“मतदार कोण?” मी विचारलं.

“मी.”

“तुम्ही एकटेच?”

“मतदार एकच आहे म्हणून मतदान चुकत नाही.”

आम्ही बारा वाजेपर्यंत समोरासमोर बसून राहिलो. मध्ये आणखी एक चहा झाला. बाराचे ठोके पडल्यावर त्यांनी उठून माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, “अभिनंदन. आपण बिनविरोध निवडून आलात.” त्या दिवसापासून मी घरात ‘अहो सदस्य’ आणि चारचौघांत ‘आमचे माननीय सदस्य’ झालो. माझी बायको फोन करायची तेव्हा तिलाही ते सांगायचे, “सदस्य आंघोळीला गेलेत.”

हे वेड कुठून आलं ते पहिल्या आठवड्यातच कळलं. लीड्सला येण्याआधी डॉक्टर पॅसिफिकमधल्या एका देशात होते. शेकडो बेटांचा देश. त्यातल्या एका लांबच्या बेटावर पाच वर्षं हे एकुलते एक डॉक्टर. देशाचं आणि बेटाचं नाव मी लिहीत नाही. तिथली बरीच माणसं हयात आहेत आणि निवडणुका अजून होतात. ते अख्खं बेट म्हणजे एक मतदारसंघ: सात गावं, जेमतेम दीड हजार मतदार आणि संसदेत एक जागा. डॉक्टरांना हे गणित फार आवडायचं. “एका जागेला एकच माणूस,” ते म्हणायचे. “दुसरा शिरला की युती, तिसरा शिरला की गोंधळ.” रिकामी खोलीही त्यांनी त्याच तत्त्वावर एकाच माणसाला दिली होती.

लीड्समध्ये ते पंचवीस वर्षांहून जास्त नोकरी करून निवृत्त झाले होते. कन्सल्टंट झाले नाहीत, मधल्याच पायरीवर राहिले. त्याबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. पण त्या बेटाबद्दल विचारलं की रात्रीच्या जेवणाला सव्वा तास लागायचा. मी मोजलाय.

फ्रिजवर कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, कचऱ्याच्या बिनांचं वेळापत्रक होतं आणि त्याच्या शेजारी त्या बेटाच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक, दर महिन्याला नवीन छापलेलं. लीड्समधून समुद्र दिसायला निदान दीड तास गाडी चालवावी लागते. स्वयंपाकघरात घड्याळं दोन. दुसरं बेटाचं: हिवाळ्यात आपल्या अकरा तास पुढे, उन्हाळ्यात दहा, कारण घड्याळ आपण हलवतो, ते हलवत नाहीत. सकाळी सात वाजता, म्हणजे हिवाळ्यात तिथे संध्याकाळी सहाला, ते लॅपटॉपवर बेटाचा छोटा रेडिओ लावायचे. एका शाळेच्या खोलीतून चालणारं ते स्टेशन. बातम्या म्हणजे बोट कधी येणार, कुणाचं डुक्कर सापडलं, रविवारी प्रवचन कोण देणार. डॉक्टर डोळे मिटून ऐकायचे, लोक सकाळी भजन ऐकतात तसे.

बेटावरच्या एकाही माणसाचं नाव मात्र मला चौदा महिन्यांत कळलं नाही. पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. आणि बेटावर पेशंट नाही असा माणूसच नव्हता. म्हणून ते सगळ्यांना आजारावरून ओळखायचे. “हर्निया यंदा उभा राहत नाहीये,” ते पोहे खाताना सांगायचे. “त्याची मतं गालगुंडाकडे जातील. गालगुंडाची बायको दुसऱ्या गावची, तिच्या माहेरची अकरा घरं.” विद्यमान खासदाराचं नाव ‘मूतखड्याचा मुलगा’. त्याचे वडील, म्हणजे मूळ मूतखडा, त्याआधी बरीच वर्षं खासदार होते. हे सगळं वहीत लिहिलेलं होतं: गाव, घर, आजार, कल. हिशेबाची वही पाहिली की माझा हात शिवशिवतो. दुसऱ्या महिन्यापासून ती वही मी एक्सेलमध्ये घालायला लागलो. आजारावर फिल्टर लावता येतो म्हटल्यावर डॉक्टरांना झालेला आनंद मी विसरणार नाही.

इथल्या कौन्सिलच्या निवडणुकीला ते सातला पाच मिनिटं असताना चर्च हॉलच्या दाराशी उभे असायचे. उघडायच्या आधी पेटी रिकामी आहे हे हजर असलेल्या मतदाराला दाखवतात. ती बघण्याचा हक्क त्यांनी कधी सोडला नाही. मी एकदा बरोबर गेलो होतो. तिथल्या बाई त्यांना ओळखत होत्या. त्यांनी स्वतःहून पेटी तिरकी करून धरली. डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलं, मग मला पाहायला लावलं. “काय दिसलं?” त्यांनी विचारलं. काही नाही, मी म्हणालो. “तेच दिसायला पाहिजे.”

मराठी मंडळात त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात आणि ती खरी आहे, मी त्या सभेला होतो. मंडळाची कमिटी दरवर्षी एकमतानं ठरते, म्हणजे आदल्या आठवड्यात चार बायका फोनवर ठरवतात. गणपतीनंतरच्या सभेत डॉक्टरांनी उभं राहून सांगितलं की खजिनदारपदासाठी त्यांना उभं राहायचं आहे आणि गुप्त मतदान व्हावं. सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं, कारण पलीकडे जेवण लागलं होतं. शेवटी चिठ्ठ्या फाडल्या, समोशाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या आणि मोजल्या. समोरच्या उमेदवाराला बेचाळीस, डॉक्टरांना शून्य. आम्ही सभासद त्रेचाळीस होतो. एक चिठ्ठी कोरी निघाली.

“डॉक्टर, निदान स्वतःचं तरी मत द्यायचं,” परतताना मी म्हणालो.

“उमेदवारानं स्वतःला मत देणं शोभत नाही.”

“आणि मी तुम्हाला दिलं नाही, याचं वाईट नाही वाटलं?”

“तुम्ही दिलं असतंत तर एक झालं असतं. शून्य स्वच्छ दिसतं.” आणि गाडीत ते खरोखर खुशीत होते. मोजणी बरोबर झाली होती.

हे सगळं मी बायकोला सांगायचो आणि ती हसायची. तिला ते निरुपद्रवी म्हातारे वाटायचे. मलाही वाटायचे. मग तो नोव्हेंबर आला.

दर मंगळवारी सकाळी सातला बेटावरून सिस्टरचा फोन यायचा. सिस्टर म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली काम केलेली नर्स. तेव्हा बावीस वर्षांची होती, आता साठी उलटलेली, निवृत्त. तिला आजाराचं नाव नव्हतं, कारण डॉक्टरांच्या आठवणीत ती कधी आजारी पडलीच नव्हती. डॉक्टरांना डाव्या कानानं ऐकू येत नसे, म्हणून फोन कायम स्पीकरवर. त्यामुळे टोस्टला लोणी लावता लावता मला तिचा आवाज पाठ झाला होता. ती बोलायची इंग्रजीत, ठासून आणि हसत हसत. इथे मी ते मराठीत देतोय.

त्या मंगळवारी तिनं सांगितलं की ती निवडणुकीला उभी आहे, मूतखड्याच्या मुलाविरुद्ध. तिथे खासदाराच्या हातात मतदारसंघाचा निधी असतो. कुठल्या गावाला काय मिळेल ते तोच ठरवतो. तिच्या गावाला, बेटाच्या मागच्या बाजूच्या सातव्या गावाला, बाप आणि मुलगा मिळून कित्येक वर्षांत काही मिळालं नव्हतं. तिला तिथे इंजिनाची दवाखान्याची बोट हवी होती. अडलेल्या बाळंतिणीला अजून वल्हवत आणायला लागतं, ती म्हणाली. लढत अटीतटीची होती. डॉक्टरांनी रेडिओवर फक्त पाच मिनिटं तिच्यासाठी बोलावं. बेटावर त्यांचा शब्द खाली पडत नाही. दवाखान्यावर अजून त्यांच्याच नावाची पाटी आहे.

डॉक्टर म्हणाले, विचार करून सांगतो.

त्या दिवशी त्यांनी पोहे केले नाहीत. बुधवारी सकाळी मी पाहिलं तर काळ्या बिनच्या दिवशी हिरवं बिन बाहेर ठेवलेलं. चौदा महिन्यांत ही पहिली चूक. संध्याकाळी मी सरळ विचारलं, आणि त्यांनी सांगितलं.

बेटावरच्या त्यांच्या तिसऱ्या वर्षी निवडणूक आली. निवडणूक अधिकारी असा हवा की जो कुणाच्या नात्यातला नाही. बेटावर असा माणूस एकच होता, म्हणून सरकारनं डॉक्टरांना नेमलं. पेट्या जमा करायची वेळ ठरवणं त्यांच्याकडे होतं. त्यांनी संध्याकाळचे सहा ठरवले, कारण सहाला दवाखाना बंद व्हायचा. डॉक्टर सोलापूरकडचे. भरती-ओहोटी म्हणजे भूगोलाच्या पेपरातले चार मार्क, एवढीच त्यांची ओळख. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे आणि मागच्या बाजूनं येणाऱ्या बोटीला आत शिरायला एकच वाट. भरतीचं पाणी चढलं की ती उघडते. त्या दिवशी पाणी पावणेसातला चढणार होतं. बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. डॉक्टरांना नव्हतं, आणि त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण डॉक्टरनं ठरवलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच ठरवलं असेल.

“साडेपाचला सहा पेट्या आल्या होत्या,” डॉक्टर म्हणाले. “सातवी बोट कड्याबाहेर उभी होती. पाण्याची वाट बघत. इथून आपली ती कोपऱ्यावरची पोस्टाची लाल पेटी आहे ना, तिच्या दुप्पट लांब. मला माणसं दिसत होती. सहा वाजले. मी रजिस्टर बंद केलं.”

“नियम होता.”

“नियम मीच केला होता. आणि फॉर्मवर मी लिहिलं, सातवी पेटी आली नाही. ती आली, सात वाजता. मी लिहिलं, आली नाही. बोट दिसत होती, हो.”

मूतखडा एकतीस मतांनी निवडून आला. हरलेल्या माणसाला डॉक्टर ‘दमा’ म्हणायचे. दमा सातव्या गावचा होता. आणि दमा सिस्टरचा बाप.

मी विचारलं, त्या पेटीत किती मतं होती. अठ्ठावन्न, ते म्हणाले. मतदान केलेल्यांची यादी नंतर त्यांच्या हातात आली होती. म्हणजे निकाल फिरू शकत होता. फिरलाच असता असं मी म्हणू शकत नव्हतो, आणि म्हणालोही नाही. डॉक्टरांनी हे चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या बायकोलाही नाही.

आता अडचण अशी होती. सिस्टरसाठी बोलायचं तर तिच्या बापाचं काय केलं ते लपवून कसं बोलायचं. आणि सांगायचं तर पाटी जाणार. “इथे माझ्या नावाची पाटी फक्त बेलखाली आहे,” ते म्हणाले. “तिथे दवाखान्यावर आहे. तिथे मी डॉक्टर होतो. इथे नोकरी केली.”

शुक्रवारी घरी गेल्यावर मी बायकोला सांगितलं. ती या वेळी हसली नाही. म्हणाली, आधी त्या बाईला सांगा म्हणावं, बाकीचं नंतर. सोमवारी मी तो निरोप जसाच्या तसा पोचवला. डॉक्टर म्हणाले, “तुमच्या घरी योग्य माणसाकडे सत्ता आहे.”

मंगळवारी सातला फोन आला. मतदानाला सहा दिवस होते. डॉक्टरांनी नेहमीपेक्षा टाय घट्ट बांधला होता.

“सिस्टर, मला काही सांगायचंय. मध्ये बोलू नकोस.”

त्यांनी सगळं सांगितलं, क्रमानं, केस पेपर वाचून दाखवावा तसं: सहाची वेळ, पाणी, रजिस्टर, फॉर्मवरचे शब्द. मी उठून जायला लागलो तर त्यांनी हातानं खाली बसवलं. साक्षीदार हवा होता.

मग ती म्हणाली, “डॉक्टर, बोटीत मी होते. पेटी माझ्या मांडीवर होती.”

“तू?”

“रजा घेऊन मत द्यायला गावी गेले होते. तुम्ही कधी विचारलंच नाहीत. आम्हाला तुम्ही दिसत होता. पांढरा शर्ट. आम्ही म्हणत होतो, बघतायत, म्हणजे थांबतील.”

डॉक्टरांनी टायची गाठ सैल केली.

“दुसऱ्या दिवशी गावानं पेटी उघडली,” ती सांगत राहिली. “कायद्यात बसत नाही, माहीत आहे. चर्चच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर मोजली. बाबांना सत्तेचाळीस. समोरच्याला नऊ. दोन बाद.”

मी कौन्सिलच्या एका पाकिटाच्या पाठीवर वजाबाकी केली. अडतीस उणे एकतीस. सात मतांनी दमा निवडून आला होता. पाकीट मी डॉक्टरांसमोर सरकवलं. त्यांनी ते वाचलं आणि उलटं करून ठेवलं.

“मग तक्रार का केली नाहीत?”

“बाबांनी करू दिली नाही. म्हणाले, तक्रार केली तर राजधानीहून साहेब येतील आणि डॉक्टरला घेऊन जातील. खासदार दर चार वर्षांनी मिळतो. तुमच्या आधी तीन वर्षं इथे डॉक्टर नव्हता. गावातल्या सगळ्यांकडून त्यांनी शब्द घेतला. मोजणी झाली हे बाकीच्या सहा गावांना आजही माहीत नाही. त्यानंतर तुम्ही दोन वर्षं राहिलात.” मग ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “तसा त्यांना दमा होता, डॉक्टर. थोडा स्वतःचाही विचार केला असेल.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

सिस्टर हुशार बाई. तिनं लगेच मुद्दा गाठला. आता हेच रेडिओवर सांगा. मी सांगितलं तर बापाची बढाई होईल, आमच्या गावानं सांगितलं तर भांडण होईल. तुमच्या तोंडून आलं की सहाही गावं ऐकतील.

“सांगतो,” डॉक्टर म्हणाले. “मतदान संपल्यावर.”

“संपल्यावर सांगून मला काय उपयोग?”

“तुला उपयोग होऊ नये म्हणूनच.”

तिनं फोन ठेवला.

त्या आठवड्यात मी त्यांच्याशी जेवढा भांडलो तेवढा माझ्या मुलाशीही भांडलेलो नाही. मी म्हणालो, गोष्ट खरी आहे, आणि खरी गोष्ट मतदारांना आधी कळली तर चूक काय? बायकोनं फोनवरून सुनावलं, “डॉक्टर, एका बोटीचा प्रश्न आहे. नियमाचं काय लोणचं घालायचंय?” त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाले, “वहिनी, एकदा माझ्यामुळे निकाल फिरला. दुसऱ्यांदा माझ्यामुळे फिरायला नको. मग तो बरोबर बाजूला का फिरेना.”

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण त्यांना ते सांगताना किती जड जात होतं, हे मी समोर बसून पाहत होतो. तिला फोनवर दिसत नव्हतं.

मतदान रविवार सोडून सोमवारी झालं. मी त्या आठवड्यात रविवारीच लीड्सला गेलो. तिथे मतदान संध्याकाळी पाचला संपायचं, म्हणजे आपले सकाळी सहा. सहाला आम्ही स्वयंपाकघरात तयार होतो. रेडिओवाल्या मास्तरांनी डॉक्टरांना फोनवर घेतलं होतं. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, रांग संपली का. सातव्या गावात अजून चारजण उभे होते. डॉक्टर थांबले. सहा वाजून सतरा मिनिटांनी शेवटचं मत पडल्याचं मास्तरांनी कळवलं आणि मग ते बोलले.

चार मिनिटं बोलले. कुणाचं नाव घेतलं नाही, आजाराचंही नाही. मी निवडणूक अधिकारी होतो, मी वेळ चुकीची ठरवली, बोट दिसत असताना दार लावलं आणि फॉर्मवर खोटं लिहिलं. जो माणूस सात मतांनी निवडून आला होता तो गप्प बसला, कारण बेटाला डॉक्टर हवा होता. तो माणूस आता नाही, त्याची माफी मागायची राहिली, म्हणून तुमची मागतो. एवढंच. शेवटी त्यांनी मास्तरांना विचारलं, नीट ऐकू गेलं ना. मग लॅपटॉप बंद केला आणि म्हणाले, “पाटी आता उतरवतील.” पोहे मी केले. ते दोन घास खाऊन उठले.

निकाल बुधवारी आला. सिस्टर एकोणीस मतांनी हरली.

मी गणित केलं, ते करायला नको होतं. दहा माणसांनी मत फिरवलं असतं तर ती एका मतानं आली असती. चार मिनिटांनी दहा माणसं फिरली असती का? हा आकडा माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. डॉक्टरांनी तेच गणित माझ्याआधी केलं होतं. वहीच्या कडेला पेन्सिलनं दहा लिहून त्याभोवती गोल काढलेला मी पाहिला.

फोन त्याच दिवशी आला, मंगळवार नसताना. डॉक्टरांनी तो चौथ्या रिंगला उचलला.

“डॉक्टर,” सिस्टर म्हणाली, “बाबांची सीट तुमच्या घड्याळानं घालवली. माझीही तुमच्याच घड्याळानं. आमच्या घराण्यावर तुमचा काही जुना राग आहे का?”

डॉक्टरांनी समोरची वही मिटली. आणि सिस्टर हसायला लागली, आधी थोडं, मग भरपूर. तिच्या मागे आणखी माणसं हसत होती. रेडिओ ऐकल्यापासून तिच्या बापाच्या थडग्यावर सहाही गावांतून लोक फुलं ठेवून जातायत, ती म्हणाली. मूतखड्याचा मुलगासुद्धा येऊन गेला. आणि लोकांसमोर सातव्या गावाला बोट द्यायचं कबूल करून बसला. देतो की नाही ते ती बघणार होती. चार वर्षं तिला दुसरं काम नव्हतं.

“आणि पाटी?” डॉक्टरांनी विचारलं. “काढली?”

“पाटी आहे. तुमचं नाव आहे. फक्त खाली कुणीतरी खडूनं लिहिलंय.”

“काय?”

“‘सहाच्या आत या.’”

मला हसू आवरलं नाही. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य पुटपुटत दोनदा म्हणून पाहिलं, एखादा ठराव वाचावा तसं.

“पुसून टाकू?” सिस्टरनं विचारलं.

“नाही. दुरुस्ती सुचवतो,” डॉक्टर म्हणाले. “त्याच्या पुढे लिही: बोट दिसत असेल तर थांबू.” मग ते माझ्याकडे वळले. “सदस्य, अनुमोदन?”

मी हात वर केला. त्यांनीही केला. फोनमधून सिस्टर म्हणाली की तिचाही वर आहे, पण डॉक्टरांनी तो धरला नाही. ती आमच्या मतदारसंघात राहत नव्हती.

“दोन विरुद्ध शून्य,” ते म्हणाले. “मंजूर.”